डोळे उघडलेली फौज

मलकापूरच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले पार्सलबाबू अजून हयात आहेत आणि स्वभावानं तापट आहेत. चीनची लढाई होऊन वर्षसुद्धा उलटलं नव्हतं, त्या श्रावणात या स्टेशनावर पुण्याहून एक लाकडी खोकं उतरलं. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : ‘फौज. नग एक. सुट्या भागांत.’ खाली पत्ता मार्तंडरावांचा, म्हणजे जिनिंग फॅक्टरीतल्या हेडक्लार्कचा. या माणसानं जन्मात कुणावर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आता तुम्हीच सांगा, पार्सलबाबूंनी काय करावं? रोज संध्याकाळी अख्खं गाव चावडीवरच्या रेडिओला कान लावून बसायचं, असे ते दिवस. बाबूंनी खोक्याला बोट न लावता चौकीवरून जमादाराला बोलावलं आणि जमादारानं पंच म्हणून निवृत्तीला धरलं. निवृत्ती हा मार्तंडरावांचा शेजारी. त्याची शेती त्याचा भाऊ पाहायचा आणि निवृत्ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायचा. मार्तंडराव फॅक्टरीतून धापा टाकत पोचले तोवर पंचनामा लिहून झाला होता आणि जमादार तो मोठ्यानं वाचून दाखवत होता.

“समक्ष खोके उघडले असता आत शिसे धातूचे इसम एकूण अठ्ठेचाळीस मिळून आले. सर्व पुरुष. उंची सुमारे दोन बोटे. पैकी हात नसलेले एकतीस, मुंडके नसलेले सात. घोडे बारा, त्यांतील चार बिनमानेचे. तोफा दोन, चाके सुटी. जबाब देण्याच्या स्थितीत कोणीही नाही.”

“हे इसम तुमचेच का?” जमादारानं विचारलं.

“माझेच,” मार्तंडराव म्हणाले, आणि ‘वरील इसम माझे आहेत’ असं लिहून त्यांनी खाली सही केली. त्याच वेळी फॅक्टरीचे मॅनेजर गाडीची वाट पाहत प्लॅटफॉर्मवर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि मान फिरवली. ते मान फिरवणं मार्तंडरावांना फार लागलं.

ही सगळी भानगड रमाकांतची. रमाकांत म्हणजे मार्तंडरावांचा साडू. मार्तंडरावांच्या शकुंतलाबाई धाकट्या, रमाकांतच्या पद्मजाबाई थोरल्या, आणि दोघींचे वडील भगवंतराव बुलढाण्याला कोर्टात नाझर होते ते रिटायर झालेले. दर दिवाळीच्या पाडव्याला दोन्ही जावई बुलढाण्याला जेवायला. तिथं पहिला पाट रमाकांतचा, कारण तो थोरल्या मुलीचा नवरा. वयानं मार्तंडराव चार वर्षांनी मोठे, पण पाट दुसरा. पहिल्या पाटावर आधी वाढतात, आग्रह आधी करतात आणि त्या पाटावरचा माणूस बोलायला लागला की बाकीच्यांनी ऐकायचं असतं. रमाकांत दोन वर्षं विलायतेत राहून आलेला, त्यामुळे त्याच्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

गेल्या पाडव्याला त्यानं सांगितलं की, विलायतेत मोठमोठे बापये टेबलावर शिशाचे शिपाई मांडून लढाया खेळतात. शिपाई सुटे मिळतात, ते स्वतः जोडायचे, स्वतः रंगवायचे, मग फासे टाकायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं आणि माणसं मारायची.

“म्हणजे भातुकलीच म्हणा की,” मार्तंडराव घास चावता चावता म्हणाले. एवढंच म्हणाले हो! पण रमाकांतचा हात भाताच्या मुदीवर थांबला.

“भातुकली? मार्तंडराव, तुम्ही अठ्ठेचाळीस शिपाई जोडा, रंगवा आणि पुढच्या पाडव्याला माझ्याशी लढून जिंकून दाखवा. हा पाट तुमचा. अहो, पुण्यात दहा जणांना जमत नाही हे, तुमच्या वऱ्हाडात काय जमणार?”

सगळे हसले. पद्मजाबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. शकुंतलाबाईंच्या हातात आमटीची पळी होती. त्या हसल्या नाहीत, वाढायचं टाकून तशाच आत निघून गेल्या. परतीच्या एस.टी.त त्या इतकंच म्हणाल्या, “लोक हसले त्याचं काही नाही हो. पण ताई हसली.” मार्तंडरावांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याला पत्र टाकलं : ‘फौज पाठवा.’ रमाकांतनं ती पाठवायला मुद्दाम श्रावण उजाडू दिला, असं शकुंतलाबाईंचं मत होतं आणि ते खोटं नसावं.

तर खोकं घरी आलं. त्याच्यासोबत पंच म्हणून निवृत्तीही आला आणि दिवाळीपर्यंत गेलाच नाही. खोक्यात हातांची पुडी वेगळी, मुंडक्यांची वेगळी, घोड्यांच्या मानांची वेगळी, आणि एक इंग्रजी चोपडं : नियम बावीस. मार्तंडरावांचं इंग्रजी कापसाच्या गाठींपुरतं पक्कं होतं. चोपडं त्यांनी अकरा वेळा वाचलं. पहिल्या वाचनात नियम चौथा समजला होता, अकराव्या वाचनात तोही समजेनासा झाला.

पहिला प्रश्न चिकटवण्याचा. निवृत्ती म्हणाला, “त्यात काय हाय भाऊसाहेब? बाभयीचा डिंक घ्या, चिमूटभर गूळ टाका, हालत नसते.” तसं केलं. एकतीस जणांचे हात दिवसभरात बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगळ्यांची रांग ते हात घेऊन तुळशीवृंदावनाकडे चाललेली दिसली. मार्तंडराव ओणवे होऊन मुंगळ्यांच्या तोंडातून हात काढत असताना पोस्टमन आला. पुढं महिनाभर तो पत्र दारातूनच टाकून पळायचा.

मग निवृत्तीच्या आईनं, गोजरबाईनं सांगितलं की, उडदाचं पीठ भिजवून लावा, त्यानं भिंतीसुद्धा सांधतात. लावलं. श्रावणातली ओल ती! आठ दिवसांत सगळ्या फौजेला पांढरी बुरशी आली. शेवटी गावातल्या सोनाराकडून लाख आणली. लाखेनं मात्र काम केलं. मार्तंडरावांची दोन बोटं भाजली आणि गोंधळात एक स्वार घोड्यावर उलटा, शेपटीकडं तोंड करून बसला, तो कायमचा. एका शिपायाला दोन्ही हात डावे लागले.

“राहू द्या ना,” निवृत्ती म्हणाला. “मागून कोनी आलं तं त्या घोडेवाल्याले दिसन. आन् हा डावखुरा असंन.”

आता रंग. चोपड्यातल्या चित्रात फ्रेंच शिपाई होता : अंगरखा निळा, विजार पांढरी, तुरा तांबडा. पोळा नुकताच झालेला, म्हणून बाजारात बैलांच्या शिंगांना लावायचा रंग उरलेला होता : लाल, हिरवा, पिवळा आणि चंदेरी. निळा बैल कुणी पाहिला आहे? निळ्याला बाजारात भावच नव्हता. मार्तंडरावांनी धोतरांची नीळ कालवून लावली. ती हवेतल्या ओलाव्यानं उतरली, विजारी निळ्या झाल्या, घोडे निळे झाले आणि मार्तंडरावांची नखं अशी निळी झाली की मॅनेजरनी त्यांना जवळ बोलावून अगदी मायेनं विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मार्तंडरावांनी खरं ते सांगितलं. मॅनेजरनी दोन दिवसांची रजा न मागता मंजूर केली.

त्या रजेत शकुंतलाबाईंनी तुळशीरामला बोलावलं. तुळशीराम गणपती करायचा आणि लहान पोरांच्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचा. हात असा की मुंगीच्या पायात तोडा घालील. त्यानं फौज उलटीपालटी करून पाहिली, खारीच्या शेपटीचे केस बांधून कुंचला केला, निळीत वार्निश घातलं आणि कामाला बसला. चित्र त्यानं एकदा पाहिलं आणि बाजूला सारलं, कारण त्याचे स्वतःचे काही नियम होते आणि ते बावीस नव्हते, दोनच होते. पहिला, कपाळ रिकामं ठेवायचं नाही. त्यामुळे अठ्ठेचाळीसही फ्रेंच शिपायांना लाल गंध आलं. दुसरा, डोळे सगळ्यांत शेवटी, आंघोळ करून, पूर्वेकडं तोंड करून.

“साहेब,” कुंचला उचलून तो म्हणाला, “येक डाव डोये उघडले का मंग हे खेळनं राह्यत नाही. पाहा बरं का.”

“हो हो,” मार्तंडराव म्हणाले. ते त्या वेळी नियम नववा वाचत होते, त्यात तोफेच्या गोळ्याला फूटपट्टीवर किती वेळा उड्या मारू द्यायच्या याचा घोळ होता. तुळशीरामनं हात जोडले आणि शहाण्णव डोळे उघडले. एकेक बुबुळ, एकेक पापणी, आणि खाली पिळदार मिशी. संध्याकाळी गोजरबाई वाटी मागायला आली, फळीवर नजर गेली आणि दारातच थबकली. “अव माय! हे तं मलेच पाहून राह्यले!” ती घरी गेली ती हळद-कुंकू आणि फुटाणे घेऊन परत आली. मार्तंडराव नको म्हणणार होते. पण शकुंतलाबाई फौजेकडं इतक्या कौतुकानं पाहत होत्या की त्यांना बोलवेना. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि आपल्या घरातल्या वस्तूकडं त्या अशा पाहताहेत हे मार्तंडरावांनी पहिल्यांदाच बघितलं.

पाडव्याच्या सकाळी फौज परातीत ठेवून, परात मांडीवर घेऊन दोघं एस.टी.त बसली. राजूरच्या घाटात दर वळणाला घोडदळ पायदळावर पडायचं आणि मार्तंडराव “सांभाळा, सांभाळा” म्हणायचे. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारबानं परातीला हात जोडले आणि कोणत्या गावचं दैवत म्हणून विचारलं. मार्तंडरावांनी “फ्रान्सचं” म्हणून सांगितलं. म्हातारबानं मान डोलावली.

बुलढाण्याला ओसरीवरच्या तक्तपोसावर हिरवी चादर अंथरून रमाकांतची फौज आधीच उभी होती. काय फौज होती! लाल अंगरखे, बटण न् बटण वेगळं, बुटांना चकाकी. मार्तंडरावांनी आपल्या परातीवर हळूच रुमाल टाकला. पण सासूबाई, कौशल्याबाई, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, यांना डोळे नाहीत का हो?”

“या मापात डोळे काढत नसतात आई. विलायतेतसुद्धा कुणी काढत नाही.”

“बिचारे,” कौशल्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. रमाकांतचा चेहरा तेवढ्यानं उतरला. मग मार्तंडरावांनी परातीवरचा रुमाल काढला. रमाकांत खाली वाकला, भिंग काढलं आणि बराच वेळ एका शिपायाकडे बघत राहिला. तो शिपाई त्याच्याकडे बघत होता. “गंध कशाला लावलंत?” एवढंच तो म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

लढाई सुरू झाली. भगवंतराव खुर्ची टाकून पंच म्हणून बसले, पद्मजाबाई आणि शकुंतलाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. रमाकांतनं फासे टाकले, फूटपट्टी लावली आणि म्हणाला, “नियम सहावा. तुमचे चार गेले.” कसे गेले हे मार्तंडरावांना कळलं नाही. त्यांनी “बरं” म्हटलं. रमाकांतनं पहिला शिपाई उचलून आडवा केला, तेवढ्यात आतून भज्यांचा झारा घेऊन कौशल्याबाई बाहेर आल्या.

“अहो, अहो! कुंकू लावलेलं आडवं काय करता?”

“आई, तो मेलाय.”

“मेलाय म्हणजे? शकू, याचे डोळे कुणी उघडले?”

“तुळशीराम गणपतीवाल्यानं,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

“आंघोळ करून? हात जोडून?”

“हो. आणि गोजरबाईंनी फुटाण्याचा नैवेद्य दाखवला.”

“मग झालं तर! पाडव्याच्या दिवशी माझ्या घरात कुणी मरायचं नाही. उभा करा त्याला.”

रमाकांतनं सासऱ्यांकडं पाहिलं. भगवंतरावांनी तीस वर्षं कोर्टात काढली होती, पण या बाईपुढं अपील चालत नाही हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. ते खाकरून म्हणाले, “डोळे उघडलेल्या इसमांना मरता येणार नाही. बिनडोळ्यांच्या बाबतीत कोणाची हरकत दिसत नाही. पुढं चला.”

पुढं काय होणार? मार्तंडरावांचे शिपाई मरेनात आणि रमाकांतचे भराभर मरू लागले. मार्तंडराव फासे टाकायचे, गोंधळून रमाकांतलाच विचारायचे, “यात काय होतं हो?” आणि रमाकांत प्रामाणिक माणूस, दात-ओठ खात सांगायचा, “यात माझे पाच जातात.” शेवटी त्याच्याकडे नऊ उरले.

“नियम एकोणिसावा,” चोपडं हातात घेऊन भगवंतराव म्हणाले. “पाव फौज उरली नाही की मैदान सोडायचं. तुमचंच पुस्तक आहे, रमाकांतराव.”

“म्हणजे मी जिंकलो का?” मार्तंडरावांनी शकुंतलाबाईंना हळूच विचारलं.

“जिंकलात. आता गप्प राहा आणि पाटावर बसा.”

मार्तंडराव सोवळं नेसून पहिल्या पाटाजवळ गेले, वाकले, आणि कौशल्याबाई म्हणाल्या, “थांबा. घरात डोळे उघडलेली अठ्ठेचाळीस जणं उपाशी असताना जावई आधी जेवतो का?” परात पहिल्या पाटावर आली. पुढं केळीचं पान, पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. दुसऱ्या पाटावर मार्तंडराव आणि तिसऱ्या पाटावर, लग्नानंतर पहिल्यांदाच, रमाकांत. आपला मान वाढला की होता तिथंच राहिला, हे मार्तंडरावांना उलगडेना. पण शकुंतलाबाई वाढायला आल्या आणि त्यांचा चेहरा पाहून त्यांनी उलगडायचं सोडून दिलं. बाई माहेरात मान वर करून वाढत होत्या. “ताई, तुझ्या ह्यांना विचार ना अजून पोळी हवी का,” असं म्हणताना त्या हसल्या, आणि पद्मजाबाई मुकाट्यानं पोळी घेऊन आल्या. मार्तंडराव एक पोळी जास्त जेवले.

सुपारी कातरताना कौशल्याबाई म्हणाल्या, “ऊन उतरलं की उत्तरपूजा करून घेऊ. मग तळ्यावर जायला बरं.”

“तळ्यावर कशाला?” मार्तंडरावांनी विचारलं.

“विसर्जनाला. डोळे उघडले, नैवेद्य झाला, आता फळीवर ठेवून कसं चालेल?”

मार्तंडरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. तीन महिन्यांचे मुंगळे, बुरशी, भाजलेली बोटं, निळी नखं, सगळं एकदम आठवलं. त्या फौजेवर आपला जीव जडलाय हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. “अहो, खेळणी तर आहेत ती,” ते कसंबसं म्हणाले.

रमाकांत ताडकन उठून बसला. “खेळणी आहेत ना? मग ती मरतात! मग लढाई पुन्हा मोजायची. मामंजी, काय म्हणता?”

भगवंतरावांनी डोळे मिटून विचार केला. “मुद्दा बरोबर आहे. खेळणी असतील तर विसर्जन नाही, पण मग ती मेली. मेली नसतील तर विसर्जन आहे. मार्तंडराव, तुमचं म्हणणं काय ते एकदाच सांगा.”

आयुष्यात इतकं गोंधळून जायची वेळ मार्तंडरावांवर आली नव्हती. त्यांनी परातीकडं पाहिलं. शहाण्णव डोळे त्यांच्याकडं बघत होते. मग स्वयंपाकघरातून शकुंतलाबाईंचा आवाज आला. त्या पद्मजाबाईंना सांगत होत्या, “ह्यांनी रोज कामावरून आल्यावर बसून केलं गं सगळं. मुंडकं न् मुंडकं स्वतः बसवलं.” पद्मजाबाई “खरंच गं कमाल आहे” म्हणाल्या.

“चला तळ्यावर,” मार्तंडराव म्हणाले.

शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं सोबत निघाली. कशाचं विसर्जन हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं, पण कुणी विचारलंही नाही. परात धरायला दोन माणसं हवी होती, म्हणून एका बाजूनं मार्तंडरावांनी आणि दुसऱ्या बाजूनं रमाकांतनं धरली. पायरीवर बसून मार्तंडराव एकेक शिपाई पाण्यात सोडू लागले. मातीचा गणपती थोडा वेळ तरंगल्यासारखा करतो, निरोप घ्यायला सवड देतो. शिसं कसली सवड देतंय? बोटं सुटली की डुबुक, आणि संपलं. पायदळ गेलं, तोफा गेल्या, घोडदळ गेलं. मार्तंडरावांना समोरचं पाणी नीट दिसेना, म्हणून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसायला मान वळवली.

तेव्हा त्यांना दिसलं. रमाकांतनं परातीत उरलेला शेवटचा शिपाई उचलला होता. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, शिपायाच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि तो हळूच कोटाच्या आतल्या खिशात टाकला. वर पाहिलं तर समोर मार्तंडराव. रमाकांतचे कान लालबुंद झाले.

“झाले का हो सगळे?” वरच्या पायरीवरून कौशल्याबाईंनी विचारलं. “नीट मोजलेत ना?”

मार्तंडरावांनी रिकामी परात पाण्यात बुडवून विसळली.

“झाले,” ते म्हणाले. “अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.”

परत जाताना सगळ्यांत पुढं मार्तंडराव होते, आणि रमाकांत एक हात छातीशी धरून त्यांच्या मागून चालत होता.